नाही कशावरून?

ऑफिसातल्या लॅपटॉपवर आणि मोबाइलवर कोणतं ॲप असावं, कोणतं नसावं, हे बघणं माझं काम. ‘असावं’चा भाग त्यातल्या त्यात सोपा. पॅकेज करायचं, ग्रुपला लावायचं. मशीन नेटवर आलं की ॲप बसतं. बसलं हे ओळखायला एक खूण ठरवून द्यायची: अमुक फोल्डर, अमुक फाइल, नाहीतर रजिस्ट्रीतली अमुक नोंद. खूण सापडली की हे सगळं सांभाळणारी इंट्यून ही प्रणाली हिरवा टिक दाखवते. मी बी.ए. संस्कृत घेऊन केलं आणि पोटासाठी कॉम्प्युटरकडे वळले, त्यामुळे मला इथे अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह आठवतोच. डोंगरावर धूर दिसतो (हा हेतू), म्हणून तिथे आग आहे (हे साध्य). आता अनइन्स्टॉलर जाताना रिकामं फोल्डर मागे ठेवून जातो, आणि खूण नुसत्या फोल्डरची असेल तर गेलेलं ॲपही हिरवंच दिसत राहतं. हेतू आहे, साध्य नाही. न्यायशास्त्र याला व्यभिचार म्हणतं (वर्गात या शब्दाला दरवर्षी हशा पिकायचा). खूण बदलली की हा दोष जातो.

खरा पेच ‘नाही’ म्हणताना पडतो.

डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजेचं प्रकरण उघडकीला आलं. जावात लिहिलेल्या असंख्य प्रोग्रॅममध्ये नोंदी ठेवण्याचं काम ही लायब्ररी करते. तिच्या 2.14.1 पर्यंतच्या आवृत्त्यांत असं भगदाड होतं की नोंदीत एक ठरावीक मजकूर घुसवला तर परक्याला तुमच्या सर्व्हरवर आपला कोड चालवता यायचा. धोक्याच्या मोजपट्टीवर 10 पैकी 10. ग्राहक कंपन्यांचे मेल सुरू झाले: तुमच्याकडे हे नाही, असं लेखी द्या.

आमच्या यादीत ते नव्हतं. पण यादी कसली, तर इन्स्टॉल झालेल्या ॲपांची. लॉगफोरजे हे मुळात ॲप नव्हेच. ते दुसऱ्याच कुणाच्या पोटात, जार फाइलमध्ये, कधी त्या जारच्या आतल्या जारमध्ये बसलेलं असतं. आपल्या मशीनवर असतं तरी त्याचं नाव या यादीत आलं नसतं. मग यादीत ते नाही, याला काय किंमत?

इथे मीमांसक कुमारिल भट्टांचे अनुयायी कामाला येतात. वस्तू दिसली नाही एवढ्यावर ती नाही असं ठरत नाही. ती असती तर दिसलीच असती, असं म्हणता आलं पाहिजे. उजेडात जमिनीवर घट दिसत नाही, तर घट नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. उजेडातल्या त्या न दिसण्याला योग्यानुपलब्धी म्हणतात. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिकांचं म्हणणं, वेगळं प्रमाण कशाला, अभाव प्रत्यक्षच कळतो. प्राभाकर मीमांसक तर अभाव नावाचा पदार्थच मानत नाहीत. आहे ती नुसती मोकळी जमीन. रिपोर्ट उघडला की मला प्राभाकरांचा मुद्दा टोचतो. समोर फक्त असलेल्या वस्तूंची यादी असते. ‘नाही’ची ओळ तिच्यात कुठेच नसते, ती मी घालते. आणि ती घालायला ज्याचा अभाव सांगायचा तो प्रतियोगी आधी ठाऊक असावा लागतो. नोव्हेंबरातही ते भगदाड तिथेच होतं. त्याच्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कुणाला ‘नाही’ म्हणायचीही वेळ आली नव्हती.

मग आम्ही प्रत्येक जार उघडून आतला तो भगदाडाचा क्लास शोधणारी स्क्रिप्ट चालवली. तेवढ्यात कळलं की दुरुस्त म्हणून आलेली 2.15 पुरेशी नाही, 2.16 घ्या, मग 2.17. प्रतियोगीच रोज बदलायला लागला. शिवाय अंधाराचे कोपरे होतेच. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या ॲपडेटा फोल्डरात बसलेला प्रोग्रॅम फक्त प्रोग्रॅम फाइल्स चाळणाऱ्याला सापडत नाही. पेन ड्राइव्हवरून चालणारा पोर्टेबल प्रोग्रॅम इन्स्टॉल यादीत नाव घालत नाही. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या मुलीचा लॅपटॉप कपाटात बंद. त्या ओळीपुढे ‘नाही’ लिहिणं म्हणजे अंधारात हात न लावता घट नाही म्हणणं.

हे सगळं कंपनीच्या मशीनचं झालं. तिथे उजेड पाडणं माझं कर्तव्यच आहे.

पण त्याच्या आदल्या वर्षी, 29 जून 2020 ला, सरकारने 59 चिनी ॲप्सवर बंदी घातली. त्यात कॅमस्कॅनर होतं, शेअरइट होतं; साइटवरच्या आमच्या अर्ध्या लोकांचं काम त्यांच्यावर चालायचं. साहेब म्हणाले, “कुणाच्याही फोनवर नाहीत, एवढं बघून घ्या मॅडम.” कंपनीने दिलेल्या फोनवर बघितलं. स्वतःचा फोन वापरणाऱ्यांच्या अँड्रॉइडवर मात्र वर्क प्रोफाइल असतं: बॅगेचं चिन्ह असलेली ॲप्स माझ्या हद्दीत, पलीकडचं मला दिसत नाही. आयफोनमध्येही 2019 च्या आयओएस 13 पासून कंपनीचा डेटा वेगळ्या कप्प्यात ठेवण्याची सोय आहे. हा अंधार बनवणाऱ्यांनी जाणूनबुजून ठेवलेला आहे.

तो घालवता येतो. सगळ्यांना कंपनीचे फोन द्या, संपलं. पण ॲपांची नुसती नावं वाचली तरी माणूस वाचला जातो: पाळीच्या तारखा ठेवणारं, नमाजाच्या वेळा सांगणारं, नोकरी शोधून देणारं. घटाला कुणी बघितलं काय, न बघितलं काय, सारखंच. उदाहरण पिढ्यानपिढ्या घटाचंच राहिलं, म्हणून दिवा लावायचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न अभावाच्या त्या वादात मला कुठे भेटला नाही.

ऑडिटच्या एक्सेलमध्ये त्या रकान्याला ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच दोन पर्याय असतात, बाकी सेल लॉक. मी तो रिकामा सोडते आणि शेऱ्यात लिहिते: वैयक्तिक फोन, तपासण्याची सोय नाही, असूही नये. ऑडिटरचं म्हणणं, ‘असूही नये’ हे निरीक्षण नाही, मत आहे, ते काढा. मुद्दा बरोबर आहे त्यांचा. मी काढत नाही.