आग कोणाची, दार कोणाचे

१८९७ चा साथरोग कायदा बदलावा की नवाच करावा, याची चर्चा आपल्याकडे पुन्हा सुरू आहे. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधला आपला २८६वा अहवाल याच कायद्याच्या फेरविचारावर दिला. चर्चेचा सगळा भर मात्र सरकारच्या अधिकारांवर राहतो: टाळेबंदी कोणी लावायची, केंद्राने किती आणि राज्याने किती, नागरिकाचे स्वातंत्र्य कुठवर आवळायचे. साथीच्या काळात कारखाना, दुकान, मंगल कार्यालय किंवा वृद्धाश्रम चालू ठेवणाऱ्या मालकावर, तिथे येऊन आजारी पडलेल्या माणसाने नुकसानभरपाईचा दावा लावावा का, हा प्रश्न दोन घोषणांत उरकला जातो. उद्योगांच्या मागे आधीच काय कमी लचांड आहे, असे एक बाजू म्हणते. मालकांना सोडता कामा नये, असे दुसरी. दुसऱ्या घोषणेत संताप आहे, विचार नाही. पहिलीच्या मागे मात्र एक युक्तिवाद उभा आहे, आणि तो इतका समंजस वाटतो की ऐकणारा मान डोलावून मोकळा होतो. मला भांडायचे आहे ते त्याच्याशी.

अभय देण्याची सवय आपल्या कायद्यांना जुनी आहे. १८९७ च्या कायद्यातले चौथे कलम सांगते की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. पुण्यात प्लेगच्या वर्षी या कायद्याच्या छायेत काय काय झाले, ते मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातही तशाच अर्थाचे ७३वे कलम आहे. ही कलमे मुख्यत्वे सरकारी यंत्रणेसाठी होती. खासगी मालकाचे काय, हे कोणी स्पष्ट लिहिले नाही. म्हणून कोरोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, काही उद्योगांना पुन्हा सुरू होण्याची परवानगी मिळाली तेव्हा, एक धास्ती पसरली: एखादा कामगार पॉझिटिव्ह निघाला तर कंपनीच्या प्रमुखाला तुरुंगात टाकतील आणि कारखान्याला तीन महिने टाळे लावतील. केंद्रीय गृह सचिवांना २३ एप्रिलला राज्यांना पत्र लिहून सांगावे लागले की आदेशांत असे काही नाही. पत्र योग्यच होते. पण मालक कशाला जबाबदार नाही एवढेच त्यात होते. कशाला आहे, हा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न अमेरिकेतल्या राज्यांनी त्याच वर्षी धडाधड सोडवला, म्हणजे बहुतेक ठिकाणी बंद करून टाकला. यूटाने मे २०२० मध्येच कायदा केला: आपल्या जागेत कोणाला कोरोनाची बाधा झाली तर जागामालकावर भरपाईची जबाबदारी नाही, अपवाद फक्त जाणूनबुजून किंवा बेदरकारपणे केलेल्या कृत्यांचा. आयोवाचा कायदा जूनमध्ये झाला आणि लागू केला गेला १ जानेवारीपासून, म्हणजे आधी घडून गेलेल्या गोष्टींनाही. जॉर्जियाने ऑगस्टमध्ये दाराशी पाटी लावण्याची सोय केली. मजकूर कायद्यानेच ठरवून दिला, आणि अक्षरे एक इंच उंचीची, एरियल टंकातली असावीत, हेही. पाटीचा आशय असा: आत पाऊल टाकता आहात, तेव्हा धोका तुम्ही पत्करला आहे. पाटी असली की तसेच गृहीत धरायचे. उलटे सिद्ध करणे आत येणाऱ्याकडे. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मकॉनेल यांनी देशभरासाठी असे संरक्षण हवे म्हणून मदतीचे पॅकेज महिनोन्‌महिने अडवून धरले. केंद्रीय कायदा झाला नाही, पण तोवर अनेक राज्यांनी आपापले काम उरकले होते.

आता तो समंजस युक्तिवाद. विषाणूवर कोणाचे नाव लिहिलेले नसते. माणूस कामावर जातो, बाजारात जातो, बसमध्ये चढतो, घरी मुलांना जवळ घेतो. लक्षणे दिसायला कित्येक दिवस लागतात. बाधा अमुक दुकानातच झाली हे कोर्टात सिद्ध कसे करणार? मग जे दावे हरायचेच आहेत ते आधीच थांबवले तर बिघडले कुठे? आजारी माणसाचे काही जात नाही, आणि छोटा दुकानदार वकिलाच्या खर्चातून वाचतो.

यातला खरा भाग मी मान्य करतो. उगम शोधणे कठीण आहे, बहुतेक वेळा अशक्यच. नियमही हलते होते. कित्येक महिने आपण सगळे भाजी धूत होतो आणि दरवाजांच्या कड्या पुसत होतो. हवेतून होणाऱ्या प्रसाराला जागतिक आरोग्य संघटनेने मोकळेपणाने महत्त्व दिले तेव्हा २०२१ उजाडले होते. २०२० मध्ये ज्याने फरशी पुसली आणि खिडकी उघडली नाही, त्याला आजच्या ज्ञानाने दोषी ठरवणे अन्याय होईल. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये म्हटले की कामगाराने घरी नेलेल्या संसर्गासाठी कुटुंबीयांप्रती मालकाचे कायदेशीर कर्तव्य मानता येणार नाही, कारण त्या जबाबदारीला अंतच राहणार नाही. तो निर्णय मला पटतो.

पण हा युक्तिवाद स्वतःच्याच पायावर उभा राहत नाही. दावे हरणारच असतील तर कवच कशासाठी? यावर उत्तर मिळते की हरणारा दावाही त्रास देतो. मान्य. त्यासाठी पहिल्याच पायरीवर पोकळ दावा फेटाळण्याचा अधिकार न्यायालयाला असतोच. आणि दाव्यांचा जो पूर येणार असे सांगितले गेले तो आलाच नाही. साथीतून निघालेले अनेक खटले विम्याच्या पैशांचे, बंद पडलेल्या धंद्यांचे आणि न मिळालेल्या परताव्यांचे होते.

खरी चूक आणखी खोलवर आहे. दाव्याचे काम फक्त उगम सिद्ध करणे आहे, असे हा युक्तिवाद धरून चालतो. आयोवातल्या वॉटर्लू गावी टायसन फूड्सचा डुकराच्या मांसाचा मोठा कारखाना आहे. २०२० च्या वसंतात तिथल्या हजाराहून अधिक कामगारांना बाधा झाली. मृत कामगाराच्या कुटुंबाने लावलेल्या दाव्यात नोव्हेंबरमध्ये एक आरोप आला: कारखान्यातले व्यवस्थापक किती कामगार पॉझिटिव्ह निघतील यावर पैसे लावत होते. कंपनीने अमेरिकेचे माजी अ‍ॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांच्या देखरेखीखाली चौकशी करवली आणि डिसेंबरमध्ये सात व्यवस्थापकांना काढून टाकले. कोणत्या कामगाराला विषाणू कोणाकडून लागला, हे त्या आरोपाने सिद्ध झाले नाही. व्हायचेही नव्हते. पण आतल्या माणसांनी जोखमीकडे कसे पाहिले ते दिसले, आणि दिसले ते कोर्टात दाखल झालेल्या कागदामुळे. दरवाजा पुरताच बंद असता तर तो कागद लिहायला कोण बसले असते?

यावर सांगतात की घोर निष्काळजीपणाला तर अनेक कायद्यांनी अपवाद ठेवला आहे. ठेवला आहे खरा. पण निष्काळजीपणा घोर होता हे ठरते मालकाच्या टेबलावरच्या ईमेलवरून, पाळ्यांच्या नोंदींवरून, रजा नाकारलेल्या अर्जांवरून. ते कागद मागवायचे तर दावा पहिल्या पायरीवर टिकायला हवा, आणि तो टिकायला ते कागद हवेत. टेक्सासने २०२१ मध्ये आणखी एक कुलूप लावले: मालकाने जाणूनबुजून खबरदारी घेतली नाही हे दाखवून भागत नाही, त्यामुळेच बाधा झाली याचा विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावाही हवा. म्हणजे ज्याचे उत्तर मिळणार नाही असे सगळे म्हणतात, तोच प्रश्न दाराशी बसवला.

या सगळ्या वादात दोन प्रश्नांची गल्लत आहे. ती मला सर्वांत स्पष्ट दिसते उपहारच्या निकालात. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात ५९ माणसे गेली. आग लागली ती तळाच्या ट्रान्स्फॉर्मरमध्ये, आणि तो होता दिल्ली विद्युत बोर्डाचा. आग मालकाने लावली नव्हती. पण बाल्कनीत जादा खुर्च्या बसवताना बाहेर पडायची एक वाट बंद केली होती, ती मालकाने. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये भरपाईची ८५ टक्के जबाबदारी सिनेमागृहावर टाकली आणि १५ टक्के विद्युत बोर्डावर. आग कोणाची हा एक प्रश्न, दार कोणी बंद केले हा दुसरा. आणि मालकाचा हिशेब मुख्यतः दुसऱ्याने झाला.

साथीत विषाणू कोणाच्याही मालकीचा नसतो. पण ताप आलेल्या कामगाराला पगार कापला जाईल या भीतीने पाळीवर यावे लागले का, शेजारच्या टेबलावरचा माणूस आजारी आहे हे इतरांना सांगितले का, बंद हॉलमध्ये किती माणसे कोंबली, हे सगळे मालकाच्या हातातले आहे, आणि त्याच्याच हातातले आहे. ग्राहक आपोआप वाईट मालकाला शिक्षा करतील म्हणणाऱ्यांनी एवढे सांगावे की पोटासाठी पाळीवर उभा राहिलेला कामगार कोणता बाजार निवडतो.

म्हणून मालकाला संरक्षण द्यायला माझा विरोध नाही, बिनशर्त संरक्षणाला आहे. त्या वेळच्या नियमांप्रमाणे जे आपल्या हातात होते ते केले, एवढे ज्याने दाखवले त्याच्यावरचा दावा तिथेच संपावा. दाखवण्याचा भार मात्र मालकावर असावा, कारण नोंदी त्याच्याकडे आहेत. साताऱ्यातल्या खानावळवाल्याला फायलींचे कपाट लागता कामा नये, म्हणून यादी चार-पाच गोष्टींची आणि प्रत्येक साथीसाठी सरकारने जाहीर केलेली असावी. अशी यादी नसली की काय होते ते आपल्याच शहरांतल्या सोसायट्यांनी दाखवले: जबाबदारी नेमकी किती हे ठाऊक नसलेल्या समित्यांनी कित्येक ठिकाणी सगळा धोका घरकाम करणाऱ्या बायकांवर ढकलला आणि त्यांना गेटवर अडवले.

हे नियम साथ आल्यावर लिहू म्हणून भागणार नाही. न्यूयॉर्क राज्याने एप्रिल २०२० मध्ये अर्थसंकल्पाच्या विधेयकात घालून रुग्णालयांना आणि वृद्धांच्या शुश्रूषागृहांना कवच दिले, त्यांचे संचालक आणि अधिकारीही त्यात आले. जानेवारी २०२१ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांच्या अहवालाने दाखवले की शुश्रूषागृहांतल्या रहिवाशांचे मृत्यू सरकारी आकड्यांत बरेच कमी धरले गेले होते, आणि हे कवच काढावे अशी शिफारस केली. एप्रिलमध्ये ते रद्द झाले. पण राज्याच्या अपील न्यायालयांनी ठरवले की रद्द होणे मागे जाऊन लागू होत नाही. ज्या महिन्यांत सर्वाधिक म्हातारी माणसे गेली, त्या महिन्यांसाठी ते कवच तसेच राहिले, आणि त्यांच्या मुलांना शुश्रूषागृहाचे कागद पाहायला मागण्याची वाट बंदच राहिली.