पटवर्धनी दप्तरातले युद्ध

युद्धाची गोष्ट आपण लढाईच्या दिवसापासून सांगतो. कोण चालून आले, कोण हटले, किती पडले. सरदार घराण्याचे दप्तर वाचू लागले की हा क्रम मोडतो. लढाई तिथे थोडक्यात आटोपते. तिच्या आगेमागे मात्र दाणावैरण, हुंड्या, सावकारांचे तगादे, घोड्यांची मोजदाद यांचे कागद संपता संपत नाहीत. माझ्या मते या पसाऱ्यालाच युद्ध म्हटले पाहिजे. लढाई हा त्यातला एक दिवस.

मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन घराण्याचे मोडी कागद लावले, वाचले, बाळबोधीत उतरवले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापायला घेतले. १९२४ साली ते वारले तोपर्यंत हे काम चालू होते. पुढे त्यांच्या मुलाने ते हाती घेतले. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध या संग्रहात एका घराच्या नजरेने दिसतो, आणि ते घर सतत मोहिमेवर आहे.

या घराण्याचे मूळ पुरुष हरभट हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये. मुले तलवारीकडे वळली. म्हैसूरचा हैदर आणि कोल्हापूर या दोन्ही बाजूंना धाक बसावा म्हणून थोरल्या माधवराव पेशव्यांनी मिरजेचा किल्ला आणि मोठा सरंजाम या घराकडे दिला. सरंजाम म्हणजे ठरलेली फौज बाळगावी आणि तिच्या खर्चासाठी नेमून दिलेल्या मुलखाचा वसूल घ्यावा. कागदावर हिशेब चोख बसतो. पण वसूल येतो सुगीला, आणि घोड्याला चंदी लागते रोज. दसऱ्याला डेरे बाहेर काढायचे तर त्याआधी स्वारांना नालबंदी, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटावी लागते, तेव्हा शेतातले पीक अजून घरात आलेले नसते. ही फट भरून काढतो सावकार. म्हणजे शत्रूचे तोंड दिसण्यापूर्वीच सरदार कर्जात उतरलेला असतो. जिंकून खंडणी मिळाली तर देणे फिटते. मोहीम लांबली तर व्याज चढते आणि सरकारातून पैसा यावा म्हणून पुण्याला पत्रांमागून पत्रे जातात.

शिलेदाराचेही तेच. बारगिराचे घोडे सरकारचे, शिलेदाराचे स्वतःचे. घोडे पडले की त्याची पोटापाण्याची पुंजी गेली. असा माणूस उगाच तोफेच्या तोंडी जात नाही. मराठी फौज समोरासमोर भिडायला का कचरते, असा आरोप इंग्रजांनी पुष्कळदा केला. त्याचे निदान अर्धे उत्तर या मालकीत आहे.

१७९१ च्या मे महिन्यात हे सगळे उघड्यावर आले. हैदरचा मुलगा टिपू याच्याविरुद्ध इंग्रज आणि मराठे एकत्र लढत होते. इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची फौज टिपूच्या राजधानीशी, श्रीरंगपट्टणाशी, जाऊन पोचली होती. तिने टिपूला मैदानात हटवलेही होते. पण दाणा संपला, तोफा ओढणारे बैल मेले, आणि वेढ्याच्या जड तोफा आपल्याच हातांनी नासवून तिला मागे फिरावे लागले. नेमक्या त्या वेळी मराठे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन येऊन मिळाले. भाऊंनी नुकतेच, कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर, धारवाड घेतले होते. त्यांच्याबरोबर फौज होतीच, पण इंग्रजांचा जीव वाचवला तो लष्कराच्या बाजाराने. भाव चढे होते, तरी धान्य होते. शिस्त, कवायत, तोफखाना यांत सरस असलेली फौज उपाशी पडली आणि वाणी, लमाण, सराफ पाठीशी घेऊन संथपणे चालणारी फौज पोटभर जेवत होती. आपल्या शाळेच्या पुस्तकांनी हा प्रसंग जेवढा सांगायला हवा तेवढा सांगितला नाही, असे मला मनापासून वाटते.

घराच्या नजरेतून पाहिले की बाजूही तेवढ्या ठाम राहत नाहीत. माधवरावांचे चुलते राघोबादादा यांनी मिरजेवर हत्यार धरले तेव्हा गोपाळराव पटवर्धन निजामाकडे गेले. १७६३ साली निजामाशी झालेल्या राक्षसभुवनच्या लढाईआधी ते परत आले. याला फितुरी म्हणून मोकळे होता येते. पण ज्या किल्ल्यावर घर, वसूल आणि कर्ज तिन्ही उभे, तो हातचा गेल्यावर सरदाराकडे उरते काय, हा प्रश्न दप्तर वाचणाऱ्याला टाळता येत नाही. याच घराने पुढे पेशव्यांसाठी माणसेही दिली. १७७७ साली सावशीला हैदरच्या फौजेशी लढताना कोन्हेरराव पडले, पांडुरंगराव कैद झाले आणि त्याच वर्षी श्रीरंगपट्टणात कैदेतच वारले. खुद्द परशुरामभाऊ १७९९ साली पट्टणकुडीला कोल्हापूरकरांशी लढताना मारले गेले. म्हणजे मराठ्यांच्याच हातून.

तरी या दप्तरावर पूर्ण विसंबू नये. घराण्याचा कागद घराण्याचे नुकसान बारकाईने नोंदवतो, दुसऱ्याचे नोंदवायला तो बांधलेला नसतो. १७९१ च्या मोहिमेत पटवर्धनांच्या लष्करामागून फिरणाऱ्या टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. त्या आघाताची खोली कळते ती मठात जपलेल्या कागदांतून. मठाच्या पुन्हा उभारणीसाठी टिपूने मदत देऊ केली, ती कन्नड पत्रे १९१६ साली उजेडात आली. ज्या लष्कराच्या बाजाराने श्रीरंगपट्टणाजवळ हजारोंना जगवले, त्याच लष्कराच्या शेपटाला वाटेतली देवळे आणि गावे लुटताना काही वाटत नव्हते. दोन्ही दप्तरे शेजारी ठेवल्याशिवाय त्या वर्षाचे युद्ध पुरते दिसत नाही.

पेशवाई बुडाल्यावर पटवर्धनांचा कंपनी सरकारशी करार झाला. आधी थोडेसे स्वार पुरवायचे, नंतर स्वारांऐवजी रोख रक्कम. ज्या घराने पिढ्यान् पिढ्या कर्ज काढून युद्ध चालवले, त्याच्या हिशेबात युद्ध हे दरसालचे एक देणे होऊन बसले.

महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांत, देशमुख-देशपांडे-इनामदारांच्या माळ्यांवर अजून मोडी रुमाल पडून असतील. लोक सनदा जपतात, चौकटीत लावतात, आणि दाण्याच्या याद्या, कर्जरोखे, पागेचे हिशेब कसरीच्या हवाली करतात. तुमच्या घरी असे रुमाल असतील तर हिशेबाचे कागद आधी वाचवा, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या जाणत्या ठिकाणी एकदा दाखवा.