प्रतिस्पर्ध्याची गाडी

दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे नीतिशास्त्र वाढणे हा काही रसिकपणा नव्हे, हे मी जाणतो. म्हणून विषय तरी खेळण्याचा घेतला आहे. रेडिओच्या लहरींवर चालणारी, खाचखळग्यांतून उधळणारी, हातभर लांबीची बगी मोटार! जपानात शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७९ साली ‘रफ रायडर’ नावाची अशी बगी विकायला काढली. मग हा पोरखेळ देशोदेशींच्या मोठ्या माणसांनी इतका मनावर घेतला की, १९८५ साली कॅलिफोर्नियात डेल मार येथे एक-दशांश आकाराच्या, विजेवर धावणाऱ्या बग्यांची जागतिक अजिंक्यपदाची शर्यत भरली.

अशी गाडी तयारही मिळते. पण खरा शौकीन ती सुट्या भागांच्या पेटीतून स्वतः जुळवतो. त्यात दोन-तीन संध्याकाळी सहज जातात. हादरे सोसण्यासाठी बोटाएवढ्या चार नळ्या असतात. त्यांत सिलिकॉनचे तेल भरायचे आणि हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर तोडावे लागते, म्हणून दोन चाकांच्या मध्ये दातेरी चक्रांची एक डबी बसवतात. ती दोघांनाही आपापल्या वेगाने फिरू देते आणि तरी गाडी एकच राहते. (एकत्र कुटुंबात अशी एखादी डबी बसवता आली असती तर!) वरचे कवच पारदर्शक असते आणि ते आतून रंगवायचे असते. त्यामुळे नक्षी आधी काढायची आणि मागचा रंग शेवटी द्यायचा, असा सगळा उलटा कारभार.

एवढ्या मायेने घडवलेली ही गाडी शर्यतीत पहिल्या-दुसऱ्या उडीलाच पालथी पडते. चाके आकाशाकडे करून ती भिरभिरत राहते. तिचा धनी दूर उंच मंचावर उभा असतो. हातातल्या पेटीने तो तिला पळवू शकतो, वळवू शकतो, पण सुलटी करू शकत नाही. मंच सोडून धावत जाण्याची त्याला सोय नाही.

मग तिला उचलतो कोण? ज्यांची फेरी नुकतीच संपली, ते स्पर्धक! त्यांनी आपली गाडी बाजूला ठेवून मैदानात एकेका वळणावर उभे राहायचे आणि पुढच्या फेरीत पडणाऱ्यांना सावरायचे, असा दंडक आहे. त्यांना मार्शल म्हणतात. जो हे टाळतो, त्याची स्वतःची सर्वांत चांगली फेरी पुष्कळ ठिकाणी हिशेबातून काढून टाकतात. आपल्याकडे लग्नघरी पहिल्या पंगतीला जेवलेली मंडळी दुसऱ्या पंगतीला वाढायला उठतात, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच की, इथे वाढायचे ते प्रतिस्पर्ध्याच्या पानात.

कुणी म्हणेल, पाळीने आणि दंडाच्या भीतीने केलेला चांगुलपणा, त्याला चांगुलपणा का म्हणायचे? कान्टने १७८५ साली असाच एक दुकानदार उभा केला होता. तो गिऱ्हाइकाला फसवत नाही, पण ते धंदा बुडू नये म्हणून. त्याच्या वागण्याला कान्ट नैतिक मोल द्यायला तयार नव्हता. मार्शलही त्याच पंक्तीतला नव्हे काय?

मला तसे वाटत नाही. कारण पाळी माणसाला फक्त वळणापर्यंत नेऊन उभे करते. पुढचे दोन सेकंद त्याचे स्वतःचे असतात. पात्रता फेऱ्या साधारण पाच मिनिटांच्या असतात आणि सगळ्या गटांतल्या स्पर्धकांचे फेरे व वेळ एकत्र लावून अंतिम शर्यतीतल्या जागा ठरतात. तेव्हा पायाशी पालथी पडलेली ती गाडी नेमकी त्याचीच असू शकते, जो सुलटा झाला तर आपल्याला मागे टाकेल. दोन सेकंद उशिरा वाकले तर कोण विचारणार? शिवाय निमित्त अगदी न्याय्य आहे. धावत्या गाड्यांच्या मध्ये पाऊल टाकण्याआधी मागून कुणी येत नाही ना, हे मार्शलने पाहिलेच पाहिजे. ती सावधगिरी कुठे संपली आणि मनातले कपट कुठे सुरू झाले, हे पंचाला दिसत नाही, मंचावरच्या धन्याला दिसत नाही. खरे सांगायचे तर खुद्द मार्शललाही पुष्कळदा उमगत नाही. ‘मी आपला मागची गाडी जाऊ देत होतो,’ असे तो घरी सांगतो, आणि ते खरेही असते!

मित्राची गाडी पडली तर? तेव्हा हाच माणूस मागेपुढे न पाहता झेपावतो. माझ्या मते ही झेपही त्या उशिराइतकीच तपासून घ्यायला हवी. अनोळखी गाडीसाठी आपले पाऊल जेवढ्या वेळात उचलले जाते, तेवढ्याच वेळात मित्राच्या आणि वैऱ्याच्या गाडीसाठी उचलले गेले, तर त्या माणसाला मी दंडाला भ्यालेला म्हणणार नाही. त्याच्या पोटात वैऱ्याबद्दल माया नसेल. ती असावी अशी माझी अपेक्षाही नाही.

मंचावरच्या धन्याची नजर गाडीवर खिळलेली असते; उचलणारा हात कुणाचा होता, हे त्याला बहुधा कळतही नाही. गाडी जमिनीला टेकताच तो तिला पुढच्या उडीकडे पिटाळतो, आणि चाकांनी उडवलेली माती मार्शलच्या पायांवर पडते.