घोडा बांधलेला नव्हता

बस इथं. स्कोअरशीट दे इकडे.

हरलास याचा मला राग नाही. सहाव्या चालीला घोडा घालवलास, तेव्हा घड्याळात तुझा तासाहून जास्त वेळ पडून होता, याचा राग आहे. वर बाहेर येऊन आईला सांगतोस, "त्यानं फसवलं." कसं फसवलं? मोहरी दोघांच्याही डोळ्यांसमोर होती.

क्वीन्स गॅम्बिट खेळलास. डी4, सी4, घोडा सी3, उंट जी5. व्हिडिओ पाहून घोकलेल्या चाली धडाधड केल्यास. त्यानं वजिराकडचा घोडा डी7 ला आणला. का आणला, हे स्वतःला विचारलंस? नाही. डी5 वर प्याद्यांची मारामारी केलीस आणि मग तिथलं प्यादं घोड्यानं उचललंस. एफ6 चा घोडा पिन आहे, हलला तर वजीर जाईल, असं धरून चाललास. तो हलला, तुझा घोडा मारला. तू हुरळून वजीर मारलास. लगेच बी4 वर उंटाचा शह! आपला वजीर मध्ये घालण्यावाचून तुला चालच उरली नाही. मांड हिशेब: एका प्याद्यापायी अख्खा घोडा. हा सापळा 'एलिफंट ट्रॅप' म्हणून पुस्तकांत कधीचा छापलेला आहे.

त्याहून वाईट म्हणजे पुढच्या चाली आपटत केल्यास आणि डाव सोडून उठलास. हातसुद्धा मिळवला नाहीस!

दिव्या देशमुख नागपूरचीच ना? बातुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत, कोनेरू हम्पीसमोर पहिल्या डावात तिनंही डी4 नंच सुरुवात केली. तो डाव बरोबरीत सुटला, दुसराही सुटला. ती बसून राहिली. 28 जुलै 2025 ला जलद डावांत, काळ्या मोहऱ्यांनी खेळून तिनं निकाल लावला. रौनक साधवानी, संकल्प गुप्ता हेही नागपूरचेच ग्रँडमास्टर. नागपूरजवळच्या कामठीत राहतो म्हणून मागे पडलो, हे कारण माझ्यासमोर चालणार नाही.

तुला डाव दिसतो, पोरा, म्हणून एवढं बोलतो. पण समोरच्याची चाल तू वाचतच नाहीस. आज घरी हाच डाव काळ्या बाजूनं मांड. त्याच्या प्रत्येक चालीपुढे त्याला काय हवं होतं, ते वहीत लिही. ती वही आणल्याशिवाय उद्या तुझ्यासमोर पट मांडणार नाही.