राखणीचा पगार

मांजरेच्या काठी, लातूर जिल्ह्यातल्या एका गावात दोन भावांची अठरा एकर जमीन होती. वडील गेले आणि त्याच पावसाळ्यात भावकीनं बांध कोरायला सुरुवात केली. विहिरीच्या वाटेवर बाभळीचे काटे पडायचे, सकाळी मोटारीची वायर तुटलेली असायची. थोरला सोसणारा, धाकटा कुऱ्हाड घेऊन धावणारा. अशा वेळी लातूरच्या मोंढ्यातला त्यांचा आडत्या मदतीला आला. वडिलांपासूनचा संबंध होता, त्यामुळं शेठच्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही.

"माझी चार माणसं शेतावर ठेवतो. पगाराचं आत्ता बोलू नका, मी वहीत लिहून ठेवतो. राशी झाल्या की बघू."

माणसं आली, काठ्या घेऊन बांधावर बसली आणि भावकी गप्प झाली. पुढच्या वर्षी सरकारी मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले गेले, भावकीतल्या पोरीच्या लग्नात दोन्ही घरं एका पंगतीला जेवली. भांडण संपलं. माणसं मात्र बांधावरच राहिली. थोरल्यानं एकदोनदा विषय काढला, तेव्हा शेठ म्हणाला, "मी माणसं काढतो. उद्या पुन्हा वायर तुटली तर माझ्याकडं येऊ नका." थोरल्यानं विषय सोडून दिला. भीती गेली तरी तिची सवय जात नाही, आणि दुसऱ्याच्या त्या सवयीवर जगणारे लोक सगळ्या काळात असतात.

चौथ्या वर्षी शेठ एक कागद घेऊन घरी आला. चार माणसांचा पगार, त्यावर महिन्याला शेकडा तीन व्याज, मिळून वहीत पाच लाखांच्या वर रक्कम चढली होती. तो अगदी मायेनं बोलला. विकायचं नाही, नावावर करायचं नाही, सातबारा तुमचाच राहील. नदीकडची सात एकर काळी जमीन नुसती माझ्या ताब्यात द्या. तिच्या उत्पन्नातून मी माणसांचा पगार भागवीन, व्याज कापीन, वर उरेल ते तुमच्या हातात आणून देईन.

धाकट्याला ते पटलं. कटकट जाणार होती आणि जमीन नावावर राहणार होती. सही करायच्या आधी थोरल्यानं नांदेडच्या आत्याला फोन केला. आत्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. दुसऱ्या दिवशी ती एसटीनं आली, हातपाय धुतले आणि चहाच्या आधी कागद मागितला. दोनदा वाचला.

"यात मुदत कुठंय?"

"हिशेब फिटेपर्यंत," धाकटा म्हणाला.

"हिशेब कोण लिहिणार?"

"शेठच लिहितेत की."

आत्यानं चष्मा काढला. "लेकरा, असल्याच कागदावर आपल्या या भागातला मुलूख गेलाय. १८५३ साली."

मग ती बोलायला लागली. हैदराबादचा निजाम १७६० साली आपल्या उदगीरला मराठ्यांकडून हरला होता. १७९५ साली खर्ड्याला पुन्हा हरला. खर्ड्याच्या वेळी इंग्रज बाजूला उभे राहून बघत होते. तरी मराठ्यांची धास्ती अशी बसली, की १७९८ साली त्यानं त्याच इंग्रजांशी तह केला आणि त्यांची तैनाती फौज आपल्या दारात आणून ठेवली. सहा हजार शिपाई, वर्षाचा खर्च २४ लाखांच्या वर. गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या या तैनाती फौजेच्या योजनेत पहिला शिरला तो निजामच. दोन वर्षांनी दुसरा तह झाला, त्यात त्या खर्चापोटी टिपूच्या राज्यातून वाट्याला आलेला बळ्ळारी-कडप्प्याकडचा मुलूख त्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकला.

"मग फिटलं की," धाकटा म्हणाला.

"फिटलं असतं, तर मी आज इथं आले नसते. त्या दुसऱ्या तहात एक कलम होतं. लढाई लागली तर निजामानंही आपली फौज मदतीला द्यायची. त्या कलमाचा आधार घेऊन हैदराबादच्या दरबारातल्या कंपनीच्या रेसिडेंटनं, हेन्री रसेलनं, दुसरी फौज उभी केली. अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार निजामाच्या खजिन्यातून. तीच पुढं हैदराबाद कंटिंजंट झाली. आपल्या अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, तिची छावणी होती. हिंगोलीला होती. १८१८ साली पेशवाई बुडाली. ज्याच्या भीतीनं हे सगळं केलं, तो शत्रूच उरला नाही. फौज उरली."

बाहेर चिंचेखाली शेठची चार माणसं पत्ते कुटत बसलेली थोरल्याला दारातून दिसत होती.

आत्या सांगत राहिली. फौजेचा पगार भागवायला दिवाण चंदुलालनं विल्यम पामरच्या पेढीकडून भरमसाट व्याजानं कर्ज काढलं. ते कर्ज फेडायला कंपनीचीच मदत घ्यावी लागली, आणि तिच्या बदल्यात उत्तर सरकार प्रांताची जी पेशकश कंपनी दरसाल निजामाला द्यायची ती कायमची सोडावी लागली. तरी थकबाकी पुन्हा चढली. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या वेळी ती ५० लाखांच्या आसपास गेली होती. निजामाचं म्हणणं असं, की जालना आणि सिकंदराबादच्या छावण्यांतलं आबकारीचं उत्पन्न कंपनी इतकी वर्षं खातेय, ते माझं आहे, ते आधी माझ्या नावे जमा धरा. ते धरलं गेलं नाही. शांततेच्या काळात ही फौज पोसायला निजाम तहानं बांधलेला नव्हता, हे तर डलहौसीनं स्वतःच्या टिपणात मान्य केलं. मान्य केलं आणि मुलूख मागितला.

२१ मे १८५३ला तह झाला. वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि लातूरच्या शेजारचा नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. तहात मालक निजामच. कारभार कंपनीचा. फौजेचा खर्च भागवून उरेल ते निजामाला द्यायचं, दरसाल हिशेब दाखवायचा.

"आपल्यासारखंच की हे," थोरला हळू म्हणाला.

नळदुर्गला कारभार बघायला मेडोज टेलर आला. तो भला माणूस होता, त्यानं रस्ते आणि तलावांची कामं केली, रयत त्याला मानायची. आत्यानं हे मुद्दाम सांगितलं, आणि मला ती बरोबर वाटते. परक्याच्या ताब्यातलं गाव नेहमी नागवलंच जातं असं नाही, कधीकधी त्याची घडीही बसते. पण ती बसवायची की मोडायची हे ठरवायला गावाला कुणी विचारत नाही.

पुढं १८५७ साली निजाम इंग्रजांच्या बाजूनं उभा राहिला. १८६० सालच्या तहात बक्षीस म्हणून धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, कर्जही माफ झालं. कर्ज माफ झालं म्हणजे वऱ्हाडही सुटायला हवं होतं. पण तिथली जमीन काळी, कापसाची. वऱ्हाड इंग्रजांकडंच राहिलं, आणि दरसालचा हिशेब मागायचा हक्क मात्र त्याच तहात गेला. सालारजंगासारखा हुशार दिवाण पुढं वर्षानुवर्षं वऱ्हाड परत मागत राहिला, पैसे भरायला तयार झाला, १८७६ साली विलायतेला जाऊन आला. मिळालं नाही. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झननं वऱ्हाड वर्षाला २५ लाखांच्या खंडानं कायमचं लिहून घेतलं.

"मी नांदेडच्या पोरांना नकाशावर पैनगंगा दाखवायचे," आत्या म्हणाली. "अलीकडं आपलं हदगाव, पलीकडं उमरखेड. एका काठावर निजामाचा अंमल, दुसऱ्या काठावर इंग्रजांचा, आणि कागदोपत्री दोन्ही काठ निजामाचेच. पोरांना वाटायचं, मी चुकीचं सांगतेय."

दूरदेशीचं राज्य दर वेळी तोफा लावूनच येतं असं आपण समजतो. इजिप्तमध्येही आधी आले ते हिशेब तपासणारे. खेदिव इस्माइलच्या कर्जापायी १८७६ साली इंग्रज आणि फ्रेंच तपासनीस त्याच्या तिजोरीवर बसले, १८८२ साली इंग्रजांची फौज उतरली. काम झालं की लगेच निघतो म्हणून आलेली ती फौज १९५६ साली निघाली.

धाकटा बराच वेळ बोलला नाही. मग चिडून म्हणाला, "पण आत्या, पैसे तर खरंच देणं हायेत. माणसं खरंच राहिलीत. आता काय तोंडानं नाही म्हणावं?"

याचं उत्तर आत्याकडं नव्हतं. ते थोरल्याच्या बायकोकडं निघालं. ती आत गेली आणि पोरीची जुनी शाळेची वही घेऊन आली. मागच्या पानांवर पेन्सिलीनं तारखा होत्या. बांधावरच्या पाच चिंचा शेठच्या माणसांनी दर उन्हाळ्यात झोडल्या होत्या आणि चिंच टेम्पोत भरून लातूरला नेली होती, त्याची पोती. कडब्याच्या पेंढ्या किती नेल्या, ते. आंब्याच्या पाट्या. तुरीच्या पट्टीत राखणीच्या नावाखाली कापलेली रक्कम वेगळ्या पानावर, पट्ट्या टाचणीनं लावलेल्या.

"आत्याबाई, मला वाटलं हे वहीत जमा होत असंल. तरी लिहून ठेवलं."

आत्यानं वही मांडीवर घेतली. "जालन्याची आबकारी," एवढंच ती म्हणाली, आणि पेन्सिल मागितली.

रात्री उशिरापर्यंत बेरजा चालल्या. लातूरच्या बाजारातला त्या त्या वर्षीचा चिंचेचा भाव धाकट्याला तोंडपाठ होता, तो सांगत गेला. भांडण मिटलं त्या महिन्यापर्यंतचा पगार त्यांनी पूर्ण धरला. त्या चार माणसांनी तेव्हा खरोखर राखण केली होती आणि तो पैसा बुडवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. त्यापुढचा पगार धरला नाही, कारण माणसं काढा असं थोरला सांगत होता. चिंच, कडबा, आंबा आणि कापलेली रक्कम वजा केल्यावर देणं एवढंच राहिलं, की यंदाच्या तुरीच्या राशीत भागावं.

दोन दिवसांनी तिघं मोंढ्यात गेले. शेठ आधी हसला, मग वही बघितल्यावर हसायचा थांबला. बाईमाणसाच्या वहीला कोण विचारतं, असं तो म्हणाला. आत्यानं त्याला सावकारीचा परवाना आहे का, एवढंच विचारलं. २०१४चा कायदा तिला माहीत होता. विनापरवाना व्याजानं पैसे देणं हा गुन्हा आहे, आणि अशी तक्रार ऐकायला जिल्ह्याला उपनिबंधक बसलेला असतो. शेठनं मुनीमाला बाहेर पाठवलं. तासाभरानं आकडा ठरला. तो भावांच्या आकड्यापेक्षा थोडा चढ होता, पण शेठच्या वहीवर पावती झाली आणि ताब्याचा कागद धाकट्यानं तिथंच फाडला.

चारातली तीन माणसं दुसऱ्या दिवशी शेठकडं परत गेली. चौथा, किनवटकडचा, मागं रेंगाळला. त्याला बैलं समजायची, थोरल्याचं हे केव्हाच ध्यानात आलेलं होतं.

"पाडव्यापासून सालानं राहतोस का?"

"राहतो. पगार शेठकडून आणायचा का?"

"नाही, इथंच," थोरल्याची बायको म्हणाली. पहिल्या महिन्याची उचल ती आतून घेऊन आली आणि वहीत तारीख टाकून तिनं रक्कम मोठ्यानं वाचून दाखवली. त्यानं अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजल्या. शंभराची एक कमी भरली. त्यानं पुन्हा मोजल्या, आणि ती तिथल्या तिथं मागून घेतली.