दत्तजन्माच्या पाळण्यापाशी काय मागावे?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमेला दिवस मावळतीला गेला की औदुंबरला, नृसिंहवाडीला आणि आपल्या गावोगावच्या दत्तमंदिरांत जन्मकाळ होतो. फुले उधळली जातात, पाळणा हलतो, हातावर सुंठवडा पडतो. त्या क्षणी प्रत्येक जण मनातल्या मनात काहीतरी मागत असतो. मुलाला नोकरी, नातीचे लग्न, गुडघ्याला आराम. मागण्यात गैर काहीच नाही. लेकराने आईबापाकडे मागायचे नाही तर कुणाकडे? पण यंदा त्या यादीत आणखी एक मागणे घालावे, एवढी विनंती करण्यासाठी हा लेख लिहीत आहे. ते मागणे असे : महाराज, ज्याला ज्या नावाने तुम्हाला हाक मारायची आहे, त्याला ती निर्भयपणे मारता येवो; आणि आमची भक्ती चारचौघांत वावरताना कुणाला ओझे न होवो.

कुणी म्हणेल, हे काय मागणे झाले? ते तर आपल्याला आहेच की! खरे आहे. पण असलेली गोष्ट गेल्याशिवाय तिची किंमत कळत नाही. मार्च २०२० आठवा. कोरोनाच्या साथीत राज्यातली सगळी देवळे, मशिदी, चर्च, गुरुद्वारे बंद झाली. आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वर्षानुवर्षे गुरुवार न चुकवलेली माणसे बंद दाराला हात जोडून परत फिरत होती. १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला, दारे उघडली. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी परत उघडली. त्या दिवशी देवळात शिरताना कितीतरी जणांच्या डोळ्यांत पाणी होते.

मधल्या काळात आंदोलने झाली, घंटानाद झाले. "देवळात जाणे हा आमचा हक्क आहे," असे लोक चिडून म्हणत. हक्क आहेच. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात तो लिहून ठेवला आहे. आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क. पण त्याच कलमात तीन मर्यादाही सांगितल्या आहेत : सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य. म्हणजे माझ्या दर्शनाने शेजारची म्हातारी आजारी पडणार असेल, तर दर्शनाने थांबावे. आणखी एक बारकावा पाहा. हा हक्क अमुक धर्माच्या लोकांना असे तिथे म्हटलेले नाही. सर्व व्यक्तींना, आणि तोही सारखाच, असे म्हटले आहे.

आम्ही वाणिज्य शाखेची माणसे. उभी हयात बँकेत दुहेरी नोंदी करण्यात गेली. एका खात्याला जमा पडले की दुसऱ्या कुठल्यातरी खात्याला तेवढेच नावे पडते, नाहीतर ताळमेळ जुळत नाही. धर्मस्वातंत्र्याचेही तसेच आहे. माझ्या हक्काची रक्कम जमा बाजूला लिहिली, की शेजाऱ्याच्या हक्काची तेवढीच जबाबदारी माझ्या नावे पडते. फक्त जमा बाजू वाचणाऱ्याला हिशेब कळला असे म्हणता येत नाही.

आता हे कलम ज्या घटनेत आहे, तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते? सातारकरांनी हे अभिमानाने सांगावे. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्यात राजवाड्यातल्या सरकारी शाळेत भीमराव नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. तीच शाळा आजचे प्रतापसिंह हायस्कूल. त्या दिवसाची आठवण म्हणून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस पाळतात. या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. रामाचे दर्शन घेऊ द्या, इतकेच मागणे होते. वर्षामागून वर्षे गेली, पण दार उघडले नाही. ते दार कुणा परक्या राजाने लावले नव्हते, बरं का! ते आपणच, आपल्याच माणसांवर लावले होते. ज्यांना देवळाच्या बाहेर उभे केले, त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने पुढे सर्वांच्या देवळांचे रक्षण करणारा मसुदा तयार केला. आणि १९५६ साली त्यांनी नागपूरला बौद्ध धम्माचा स्वीकार केला, तोही त्याच स्वातंत्र्याचा भाग होता.

मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले, तेव्हा कुठे विठोबाचे मंदिर सर्वांना खुले झाले. म्हणून धर्मस्वातंत्र्याची प्रार्थना करताना सरकारने आमच्या देवळात लक्ष घालू नये एवढेच मागून भागत नाही. आमच्या हातून कुणावर दार लागू नये, हेही मागावे लागते.

"हे सगळे कायद्याचे झाले, दत्तसंप्रदायाचा याच्याशी काय संबंध?" असे वाचकांना वाटेल. संबंध फार जुना आहे. सप्ताहात आपण श्रीगुरुचरित्र वाचतो. त्यातला नवव्या अध्यायातला कुरवपूरचा परीट आठवा. राजाचे वैभव पाहून त्याच्या मनात इच्छा उठली. श्रीपाद श्रीवल्लभांनी ती ओळखली आणि पुढच्या जन्मी तू राजा होशील असे सांगितले. तो जन्मला कुठे? बिदरच्या यवन राजघराण्यात. पन्नासाव्या अध्यायात तोच राजा मांडीवरच्या फोडाने बेजार होऊन गाणगापूरला येतो, आणि श्रीनृसिंहसरस्वती स्वामी त्याला जुन्या ओळखीने हाक मारतात. पूर्वजन्मीचा आपला भक्त म्हणून जवळ करतात. आधी धर्म बदलून ये, मग बोलू, अशी अट महाराजांनी घातलेली नाही. पोथी आपण वाचतो, नैवेद्य दाखवतो. पण ही गोष्ट मनात मुरवतो का?

जनार्दनस्वामी हे नाथ महाराजांचे गुरू, थोर दत्तभक्त. ते देवगिरीच्या किल्ल्याचे अधिकारी होते, चाकरी मुसलमान राजाची. परंपरा असे सांगते की त्यांच्या दत्तसेवेसाठी किल्ल्यावर गुरुवारची सुटी असे. आपल्या वाडीच्या मंदिराला शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीला महाराजांच्या कृपेने दृष्टी आली, म्हणून त्याने हे बांधकाम करून दिले आणि औरवाड-गौरवाड ही गावे इनाम दिली, असे तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आणि इकडे छत्रपती शिवाजी महाराजांविषयी खाफीखान हा विरोधी पक्षाचा इतिहासकार लिहून ठेवतो की मशिदीला आणि कुराणाला धक्का लावू नये असा महाराजांचा नियम होता. शत्रूने लिहिलेले प्रशस्तिपत्र आहे हे! आपल्याकडे उपासनेचे स्वातंत्र्य असे एकमेकांच्या हातून आलेले आहे.

आजही ते आपल्या जिल्ह्यात जिवंत आहे. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत चाळीसहून अधिक वर्षे गणपती मशिदीत बसतो. बकरी ईद आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा तिथल्या मुसलमान बांधवांनी कुर्बानी न देता नमाज पढून ईद केली. कडेगावला मोहरमचे उंच ताबूत उठतात, त्यात हिंदूंचाही वाटा असतो. मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, आणि ऐकणारे श्रोते सगळ्या जातिधर्मांचे असतात. बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरवर एक मुसलमान सहकारी होते. दत्तजयंतीला माझी कॅश ते सांभाळत, ईदला त्यांची मी. आमच्यात सर्वधर्मसमभाव या विषयावर चर्चा कधी झाल्याचे आठवत नाही. "जा, जन्मकाळ चुकवू नका," एवढेच ते म्हणत.

पण नुसते गोड गोड लिहून चालणार नाही. याच मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरून दंगल पेटली. संचारबंदी लागली, गणपतींचे विसर्जन अडकून पडले. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत मोबाईलवर फिरलेल्या मजकुरावरून जमाव उठला, मशिदीवर हल्ला झाला, आणि तिथे असलेला एक तरुण प्राणास मुकला. प्रार्थनेच्या जागी माणूस मारला जातो, तेव्हा आपल्या देवळाचाही पाया हलतो. कारण लोकांचा भरवसा सुटला की मग कुठलीच प्रार्थनेची जागा सुरक्षित राहत नाही. कृष्णामाईचे पाणी वाडीला आले की आधी कुणाच्या घरात शिरू असे विचारत नाही, द्वेषाचेही तसेच.

मग भक्तीने घरातच बसायचे का? मुळीच नाही. भक्ती देवघरात कोंडून ठेवायची वस्तू नव्हे. पण ती चावडीवर, कचेरीत, रस्त्यावर कशी यावी, हे अवधूताकडूनच शिकावे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. पृथ्वी, वारा, मधमाशी, अगदी पिंगला नावाची वेश्यासुद्धा. शिकायला त्याने कुणाचे कुळ पाहिले नाही. त्यातलाच एक गुरू म्हणजे बाण घडवणारा कारागीर. समोरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, पण कामात गढलेल्या त्याला पत्ताही लागला नाही. आपले मात्र उलट. आपली मिरवणूक गेली हे साऱ्या गावाला कळलेच पाहिजे, असा हट्ट! रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावेत, असा नियम २००० सालापासून आहे. तो भोंग्याला आहे तसाच डीजेलाही आहे. हृदयविकाराच्या रुग्णाची झोप मोडून कोणता देव प्रसन्न होणार?

तीच गोष्ट निवडणुकीची. धर्माच्या नावावर मत मागणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्टाचार ठरवला आहे. मत मागायला येणाऱ्याने देवाचे नाव काढले, तर त्याला बसायला पाट द्यावा, चहा द्यावा आणि गावच्या पाण्याचे काय, असे विचारावे. श्रद्धा सार्वजनिक जीवनात दिसावी ती तलाठ्याच्या सचोटीत, डॉक्टरच्या बिलात, विश्वस्तांच्या हिशेबात. देवाच्या पेटीतला रुपया वहीत चोख लिहिणे, हेही नामस्मरणच आहे.

आता नेहमीचा प्रश्न. "आपणच का म्हणून? ते करतात का आपल्यासाठी प्रार्थना?" बऱ्याच घरांत हे बोलले जाते आणि त्यामागचा सल खोटा नाही. कुठे कुठे आपल्यालाही अन्याय सोसावा लागतो. त्याविरुद्ध कायद्याच्या मार्गाने जरूर उभे राहावे. पण प्रार्थना ही वसुलीची नोटीस नव्हे, की समोरच्याने हप्ता भरला तरच आपण भरायचा. औदुंबर आपली सावली मोजून देतो का? खाली कोण टेकले आहे हे तो पाहत नाही. त्या झाडाखाली आपले महाराज बसले, हे विसरू नये.

म्हणून, दत्तभक्तहो, यंदा पाळण्याची दोरी हातात आली की घरच्या मागण्या मागून झाल्यावर दोन क्षण थांबा, आणि एवढे म्हणा :

हे गुरुराया, आमच्या मंदिराचे दार उघडे राहो आणि शेजाऱ्याच्या प्रार्थनास्थळाचेही. ज्यांच्यावर आम्ही दार लावले होते, त्यांच्यापुढे पुन्हा तसे दार उभे न राहो. मोबाईलवर आलेले विष आमच्या नातवंडांच्या हातून पुढे न जावो. राज्य करणाऱ्यांना सर्वांना सारखे पाहण्याची बुद्धी लाभो. आणि जिथे कुठे एखादा एकटा माणूस भीत भीत प्रार्थना करत असेल, तिथे तुम्ही त्याच्या पाठीशी उभे राहा. तो तुम्हाला कोणत्याही नावाने बोलावत असो.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!