डंपवरचे गवत

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने चक्क गवताबद्दल आदेश दिला. सरन्यायाधीश शरद बोबडे यांचे खंडपीठ होते. खाणकाम संपले की खाणीची आणि तिच्यापायी नासलेली आजूबाजूची जमीन पुन्हा गवताखाली आणायची. तिथे चारा उगवला पाहिजे, झाडेझुडपे वाढली पाहिजेत, जीवजंतूंना थारा मिळाला पाहिजे. ही अट खाणपट्टा देतानाच घाला, असे केंद्र सरकारला बजावले. खर्च अर्थातच ज्याने खणले त्याचा.

झाडांच्या आधी गवताचे नाव घेतले, याचे मला अप्रूप वाटते. एरवी जमीन सुधारायची म्हणजे वृक्षारोपण करायचे, एवढेच आपल्याला सुचते. रोपे किती लावली, किती जगली, झाला अहवाल. गोव्यात लोहखनिजाच्या डंपांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, ती फोफावली. उघडा उतार तिने झाकला, तेव्हा तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण तिचा पाचोळा लवकर कुजत नाही आणि त्या थरातून दुसरे काही वर यायला फार झगडावे लागते. उपग्रहाला मात्र सगळे हिरवेगार दिसते.

मुळात डंप म्हणजे माती नव्हेच. खनिजापर्यंत पोचण्यासाठी उपसलेला दगड-मुरूम तो. त्यात ना सेंद्रिय अंश, ना सूक्ष्म जीव. पाणी टिकत नाही आणि उन्हाळ्यात पाय ठेववत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या डंपवर नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी म्हणूनच रोपांबरोबर जमिनीचीही बेगमी केली. साखर कारखान्यातला प्रेसमड घातला, मुळांना नत्र पुरवणारे रायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टर दिले, मुळांशी संधान बांधणारी मायकोरायझा बुरशी दिली. कारखान्याने टाकून दिलेले खाणीने टाकून दिलेल्याच्या कामी आले.

आता हे साधले की नाही, ते पाहायचे कसे? ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड टाँगवे यांच्या पद्धतीत एक चाचणी आहे, ती कुणालाही करता येईल. वरच्या थरातला मातीचा कोरडा खडा घ्यायचा आणि अलगद पाण्यात सोडायचा. बुडबुडे येऊन तो क्षणात विस्कटला, तर ती नुसती भुकटी; पहिल्या सरीबरोबर वाहून जाणार. खडा तसाच राहिला, तर त्यात मुळे, बुरशी, जिवाणू कामाला लागले आहेत, त्यांनी कण बांधून धरले आहेत. वाटीभर पाण्यात एवढे कळते. त्याच देशात जॉनथन मेजर यांनी बॉक्साइटच्या खाणींवर मुंग्या मोजल्या. रोपे आपण लावतो. मुंग्यांना कोणी लावत नाही. त्या आपणहून येतात, आणि त्यांच्या अनेक जाती नांदू लागल्या तर खाली त्यांच्या पोटापाण्याची सोय झाली असे समजायचे.

अशा नोंदी एकदा करून भागत नाही. त्याच जागी खुंटी ठोकून वर्षानुवर्षे कराव्या लागतात, आणि इथेच आपले घोडे अडते. रोपांचे बिल निघाले की देखरेखीचा उत्साह ओसरतो. गावात मात्र काही माणसे रोजच देखरेख करत असतात. गुराख्याला विचारा, गुरे डंपवर तोंड घालतात की नुसती ओलांडून जातात. पायथ्याला शेत असलेल्याला विचारा, मुसळधार पावसात बांधावरून येणारे पाणी कसे असते आणि मागे किती गाळ ठेवते. अहवालात यांच्या सांगण्यालाही एक रकाना असायला हरकत नाही.

आणि तपासणीची तारीख आषाढातली धरावी. चिखलात गाडी जात नसेल, तर साहेबांनी चालत जावे.